वजीरची झूल आणि माझा पहिला एसएलआर

कॅमेरा हा फोटोग्राफरचा आत्मा असतो. बाकीच्या वस्तू म्हणजे नुसता साज. आत्मा शुद्ध असेल तर साजावाचून काही अडत नाही.

हे वाक्य आमचे मालक वसंतराव दर दसऱ्याला, स्टुडिओतल्या कॅमेऱ्याला झेंडूचा हार घालताना म्हणत. ऐकणाऱ्याला हात जोडावेसे वाटत. पुढे माझ्या लक्षात आलं की शरीर नसलेल्या आत्म्याला आमच्याकडे भूत म्हणतात, आणि भुताला फोटो काढता येत नाहीत.

हे लक्षात आलं तेव्हा मी डोणगावच्या पुढच्या एका खेड्यात, ऐन पोळ्याच्या दुपारी, घोट्याएवढ्या चिखलात उभा होतो. गळ्यात माझा पहिला एसएलआर होता. समोर वजीर नावाचा एक वळू आहे, असं मला सांगण्यात आलं होतं. मला दिसत होती ती एक भरजरी झूल आणि तिच्याखाली चार खूर.

आमच्या शेजारच्या मुलीनं परवा डिजिटल एसएलआर घेतला आणि विचारलं, "काका, यासोबत आणखी काय काय घेऊ?" दुकानदारानं तिला भलीमोठी यादी दिली होती. तिला उत्तर द्यायला बसलो आणि वजीर आठवला. म्हणून हे लिहितो आहे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतं झालं होतं. आम्ही बुलडाण्याचे लोक जागचे न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आलो होतो. मी चिखलीच्या एका स्टुडिओत नोकरीला होतो. तिथे एक मखमली पडदा, एक फुटक्या हाताची खुर्ची आणि पाठीमागे रंगवलेलं एक तळं होतं. तळ्यात दोन हंस होते. चिखलीच्या निम्म्या नवविवाहित जोडप्यांनी त्या हंसांसमोर उभं राहून संसाराला सुरुवात केली आहे.

एसएलआर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. साध्या कॅमेऱ्यात आपण एका भोकातून बघतो आणि फोटो दुसऱ्या भिंगातून निघतो. एसएलआरमध्ये भिंगामागे एक आरसा असतो. त्यामुळे भिंगाला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, फिल्मवर उजेड पडतो आणि फोटो होतो. आताच्या कॅमेऱ्यात आरसा लगेच खाली येतो. माझ्या कॅमेऱ्यात तो रोल पुढे सरकवेपर्यंत वरच राही. म्हणजे बटण दाबल्यावर डोळ्यापुढे काळोख. आपण कशाचा फोटो काढला, हे फोटोग्राफर सोडून आसपासच्या सगळ्यांना दिसे.

खामगावचे एक डॉक्टर गाव सोडून जाताना त्यांच्याकडून मी तो जुना घेतला होता. सोबत एक भिंग, एक पिवळा फिल्टर आणि चामडी पट्ट्याची एक बॅग. स्टॅंड नाही, भिंगावर लावायचं हूड नाही, उजेड मोजायचं मीटर नाही. वसंतरावांकडे मी स्टॅंड मागितला तेव्हा ते म्हणाले, "एवढा जर्मन कॅमेरा घेतलास आणि तिपाईसाठी अडतोस?" मग त्यांनी झेंडूचं ते वाक्य म्हटलं.

श्रावणात एक दिवस सुभद्राबाई एसटीनं स्टुडिओत आल्या. पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, हातात छत्री. त्यांनी हंसांकडे बघितलं, मग वसंतरावांकडे.

"बैलाचा फोटो काढता का?"

"बाई, आम्ही माणसांचे काढतो," वसंतराव म्हणाले.

"माणसाह्यचे चेहरे पाहून सरकार काही देत नाही. मले गोऱ्ह्याचा पायजे."

हकीकत अशी होती. सुभद्राबाई विधवा होऊन माहेरी भावाकडे परतल्या, त्याच वर्षी गोठ्यातली एक गाय वासरू मागे ठेवून मेली. ते वासरू बाईंनी वाटीनं दूध पाजून जगवलं. पुढे भिजवलेली सरकी, म्हणजे कपाशीचं बी, स्वतःच्या हातानं चारली. त्याचं नाव ठेवलं वजीर. आता तो भरला होता. अशा गोऱ्ह्याचं दोनपैकी एक होतं. एक तर तो खच्ची करून औताला जुंपतात, नाही तर पैदाशीसाठी वळू म्हणून राखतात. मोठे भाऊ दादाराव यांना जोडीला बैल हवा होता. बाईंना वळू हवा होता. जिल्ह्याचं पशुसंवर्धन ऑफिस त्या वर्षी पैदाशीचे वळू निवडत होतं. नदीनाल्यांमुळे साहेबांना गावोगाव फिरता येत नव्हतं, म्हणून आधी फोटो मागवत होते. फोटो पसंत पडला तर साहेब येऊन बघणार.

"दादानं शब्द देल्ला आहे," सुभद्राबाई म्हणाल्या. "सरकारनं घेतला त राहू दीन. नाही त पोळा झाल्यावर बडवनाऱ्याले बलावतो म्हने." बडवणारा म्हणजे गोऱ्हे खच्ची करणारा माणूस.

वसंतरावांनी माझ्याकडे बघितलं. बैल हंसांसमोर उभा राहणं शक्य नव्हतं, हे त्यांना पटलं असावं.

"मधुकर जाईल," ते म्हणाले. "पण ताई, उद्याच जाऊ दे त्याला. पाऊस..."

"उद्या नाही. पोळ्याले. दादा म्हन्ते फोटो काढाचा त पोळ्यालेच."

का, ते मी विचारलं नाही. बैलाचा फोटो, बैलाचा सण. मला ते तर्कशुद्ध वाटलं. निघताना वसंतरावांनी आपणहून एक वस्तू माझ्या बॅगेत घातली: फ्लॅशगन. चकचकीत थाळीसारखा परावर्तक आणि एकदा पेटून संपणारे बल्ब. लग्नात तो थाळा चमकला की लोक फोटोग्राफरला जेवायला आधी बसवत. एवढाच त्याचा मला माहीत असलेला उपयोग होता.

ऑफिसातल्या ओळखीच्या एका स्टॉकमनला मी फोटो कसा हवा ते विचारून ठेवलं होतं. स्टॉकमन म्हणजे गुरांच्या डॉक्टरचा मदतनीस. तो म्हणाला, "एका बाजूनं काढा. वशिंडापासून शेपटीपर्यंत पाठीची रेघ दिसली पाहिजे. चारही पाय वेगवेगळे दिसले पाहिजेत. मान वर, कान पुढे. झोपाळू बैल साहेब बघतच नाहीत."

हे सगळं पाठ करून मी पोळ्याच्या दुपारी पोचलो आणि ती झूल बघितली.

दादारावांनी काही बाकी ठेवलं नव्हतं. शिंगांना हिंगूळ, शिंगांच्या टोकांना गोंडे, कपाळावर बाशिंग, त्याखाली डोळ्यांवर येणारी सुती गोंड्यांची मठाटी, गळ्यात घुंगरांच्या माळा. झूल पाठीवरून गुडघ्यापर्यंत लोंबत होती. जिथे थोडं अंग उघडं होतं तिथे गेरूचे पंजे उठवले होते. स्टॉकमननं सांगितलेल्या गोष्टींपैकी एक शेपूट तेवढी दिसत होती. तिलाही रिबीन होती.

दादाराव पुढे आले. धिप्पाड माणूस, गुलाबी फेटा, नवं धोतर.

"कसा दिसून राह्यला?"

"देखणा आहे," मी म्हणालो. "पण दादाराव, फोटोसाठी हे सगळं काढावं लागेल."

"काऊन?"

"सरकारला बैल बघायचा आहे."

"मंग हा काय आहे? हत्ती?" त्यांनी आजूबाजूला बघितलं. दोनचार जण हसले. "बिना साजाचा बैल सरकारले धाडू? नागवा? आमच्या घराची काही इज्जत आहे का नाही? अन् आमच्या इथचा रिवाज आहे, फोटोवाले. पोळ्याचा साज एकडाव चढला की दारात पूजा होयेपर्यंत उतरत नाही. माह्या बापानं उतरवला नाही, मी नाही उतरवत."

आता मला कळलं की पोळ्याचा हट्ट कशासाठी होता. दादाराव स्वतःच्या मेहनतीवर खूष होते आणि त्याच मेहनतीनं बैल झाकून टाकला होता. बैल जितका लाडका, तितकी झूल मोठी. ऑफिसला असा फोटो गेला असता तर त्यांनी कापडाची निवड केली असती.

सुभद्राबाई गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यामुळे मी ठरवलं की फोटो घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही. ढग होते, रोल एकच होता आणि उजेड माझ्यासाठी थांबणार नव्हता. पण माणूस अडला की आधी समोरच्याचं ऐकावं, हे मी हंसांपुढच्या नवरदेवांकडून शिकलो होतो.

"ठीक आहे," मी म्हणालो. "आधी साजासकट काढू. तुम्ही बाजूला उभे राहा."

दादाराव बाजूला नव्हे, पुढे उभे राहिले. वजीरचं एक शिंग धरून. त्यामुळे बैलाचा उरलासुरला पुढचा भागही झाकला गेला.

"अन् थो चमकनारा लावा," ते म्हणाले. माझ्या बॅगेतून परावर्तकाची कड दिसत होती. "मंत्र्याच्या सभेत लावते ना, थो."

"नको दादाराव. बैल बिचकेल."

"माहा बैल? अबे, मंत्री आला होता मेहकरले तवा त्याची मोटर याच्या बाजूनं गेली. मंत्र्याले बिचकला नाही, तुह्या बल्बाले काय बिचकन?"

मी दोनदा नको म्हणालो. लोक जमले होते. दादाराव आता मागे येऊ शकत नव्हते. मी बल्ब बसवला, फेट्याचा तुरा नीट करून घेतला आणि बटण दाबलं.

फट्ट असा आवाज झाला. आरसा वर गेला आणि माझ्या डोळ्यापुढे काळोख झाला. त्या काळोखात मला घुंगरांचा प्रचंड आवाज ऐकू आला, मग "धरा, धरा", मग काहीतरी मऊ चिखलात पडल्याचा आवाज. मग शांतता. मग सगळं गाव हसलं. मी रोल सरकवला, आरसा खाली आला, तेव्हा बघितलं. दादाराव चिखलात बसले होते. फेटा त्यांच्या मांडीवर होता. वजीर गोठ्याच्या कुडापाशी जाऊन उभा होता आणि सुभद्राबाई त्याच्या मानेवरून हात फिरवत होत्या.

दादाराव उठले. नव्या धोतराकडे बघितलं.

"झालं," ते म्हणाले. आवाज शांत होता, म्हणून मला भीती वाटली. "आता एक फोटो नाही पायजे. सुभद्रे, उद्या पोळ्याची कर झाली की त्या बडवनाऱ्याले बलावतो मी."

बाईंचा हात वजीरच्या मानेवर थांबला. "दादा, तू शब्द देल्ला होता."

"फोटो काढू देतो म्हनलं होतं. काढला."

हे खरं होतं. फोटो काढला होता. वकिलाला सुचलं नसतं असं त्यांना चिखलात बसल्या बसल्या सुचलं होतं.

इथे मला राग आला पाहिजे होता. पण मी दादारावांबरोबर आत गेलो. ते हौदावर पाय धूत होते. मी विचारलं, "दादाराव, तुम्ही बैल कुठल्या बाजारातून घेता?"

"कायले?"

"सहज."

"जिथं चांगला दिसन तिथून. आजपर्यंत फसलो नाही कधी."

"बाजारात कोणी झूल घातलेला बैल विकायला आणला, तर घ्याल?"

ते पाय धुवायचे थांबले. "हॅट्. झुलीखाली काय लपवलं असन, कोन सांगन? खांदा सुजला असन, पाठ खचली असन. मी त पहिले दोरीसुदा काढाले लावतो."

"ऑफिसातला साहेबही बैल बघूनच मोठा झाला असेल ना?"

लोट्यातलं पाणी संपलं तरी दादाराव लोटा तसाच तिरका धरून होते. मग लोटा ठेवला आणि म्हणाले, "साला."

हे मला होतं की साहेबाला, ते अजून मला माहीत नाही.

"पन रिवाज मोडनार नाही," ते म्हणाले. "तोरन तुटन, पाटलाच्या दारी जाईन, मंग आपल्या दारी पूजा. त्याच्यानंतर उतरवू. तवापर्यंत तुमचा उजेड राह्यला त काढा. नाही राह्यला त तुमचं नशीब."

"आणखी एक. तुम्ही फोटोत नसाल."

हे त्यांना झुलीपेक्षा जड गेलं.

तोरण तुटायला वेळ लागला. पोळ्याचं तोरण म्हणजे गावाच्या वेशीवर बांधलेली आंब्याच्या पानांची दोरी. मानाचा बैल त्याखालून गेला की बाकीचे सुटतात. मान कोणाचा, यावर दोन भाऊबंदांत आधीपासून वाद होता. तो त्या वर्षीही नव्यानं झाला. मी वेशीवर उभा राहून ढगांकडे बघत होतो. माझ्याशिवाय तिथे वर बघणारं कोणी नव्हतं.

शेवटी परत येऊन मी अंगणात जागा ठरवली. मावळतीचं ऊन ढगांतून सुटलं तर ते कुडाच्या फटीपाशी तिरपं पडणार होतं. बैलाची बाजू तिथे उजळली असती. मीटर नव्हतं. रोलच्या डबीसोबत एक कागद येई, त्यावर उन्हात किती, सावलीत किती, ढगाळ असेल तर किती, असं छापलेलं असे. पोळ्याच्या संध्याकाळी गोठ्यासमोर किती, ते छापलेलं नव्हतं. मी अंदाज केला. अंदाज असा निघाला की शटर सेकंदाचा पंधरावा हिस्सा उघडं ठेवावं लागेल. एवढ्या वेळात हातातला कॅमेरा हलतोच. कितीही शुद्ध आत्मा असला तरी हलतो.

स्टॅंड हवा होता. कॅमेरा बैलाच्या पोटाच्या उंचीला हवा होता, कारण वरून काढलं तर पाय आखूड दिसतात. अंगणात एक बैलगाडी धुरा टेकून उभी होती. मी सुभद्राबाईंना म्हणालो, "ताई, एक पोतं द्या. अर्धं भरलेलं. काहीही चालेल."

त्यांनी सरकीचं पोतं आणलं. मी ते गाडीच्या कडेवर ठेवलं, मधे खड्डा केला आणि कॅमेरा त्यात बसवला. दगडासारखा बसला. त्यानंतर मी बरेच स्टॅंड घेतले, परदेशीसुद्धा. इतका पक्का एकही मिळाला नाही.

वाजतगाजत वजीर आला. बाईंनी त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं, पुरणपोळी चारली. वाटेत पाटलाच्या दारीही चारली होती आणि पाटलाच्या घरचं पुरण तूप लावून असतं. दादारावांनी स्वतःच्या हातानं झूल उतरवली, घडी घातली, कपाळाला लावली आणि मग माझ्याकडे बघितलं.

झुलीखाली खरंच एक बैल होता. पांढरा, लांब, पाठ सरळ. मला बैलातलं कळत नाही, पण माझ्याआधी दादारावच थोडा वेळ बघत राहिले. गोठ्यात रोज असलेली वस्तू कोण बघतो?

"गेरूचे पंजे," मी म्हणालो. "काळ्यापांढऱ्या फोटोत ते डाग दिसतील."

बाई पाणी घेऊन धावल्या. पण गेरू सुकलेला होता, सूर्य खाली आला होता. मी म्हणालो, "ताई, एकच बाजू धुवा. फोटोत एकच बाजू येते."

तर एका बाजूनं सरकारी आणि दुसऱ्या बाजूनं पोळ्याचा, असा वजीर कुडापाशी उभा राहिला.

आणि झोपला. म्हणजे उभ्या उभ्या. दोन घरच्या पुरणपोळ्या पोटात, दिवसभराची मिरवणूक अंगात. मान खाली गेली, कान लोंबले, एक मागचा पाय ढिला पडला. स्टॉकमननं नको म्हटलं होतं ते सगळं एकाच बैलात.

"हुर्र," दादाराव म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी पितळी ताट वाजवलं. वजीरनं एक डोळा उघडून मिटला.

मी कॅमेऱ्यावर वाकलो, पोतं जरा नीट करायला. सरकी खळखळली. वजीरची मान एकदम वर आली. कान पुढे. चारही पाय जमिनीवर. फाइंडरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीत, मला स्टॉकमनचं स्वप्न दिसलं. मी बटणाकडे बोट नेईपर्यंत ते स्वप्न माझ्या दिशेनं चालू लागलं. मोठं मोठं होत गेलं. मग फाइंडरमध्ये नाकपुडी दिसली आणि त्यानंतर काही दिसेना.

वजीरनं भिंग चाटलं होतं. उजेड कमी म्हणून मी पिवळा फिल्टर आधीच काढून ठेवला होता. फिल्टर असता तर तो काढून खिशात टाकला असता आणि झालं. आता जीभ थेट जर्मन काचेवर पडली होती. वर गूळ, वर तूप.

"कापड! जुनं, मऊ, धुतलेलं!"

बाईंनी आतून जुन्या लुगड्याचा तुकडा आणला. मी फुंकर मारून हलक्या हातानं पुसलं आणि तुकडा बॅगेत टाकला. सूर्य कुडाला टेकला होता. पण आता मला कळलं होतं काय करायचं. पोत्यातली ओंजळभर सरकी मी एका डब्यात घातली आणि बाईंना दिली.

"तुम्ही समोर उभ्या राहा. त्याच्या नाकासमोर, पण लांब. मी सांगेन तेव्हा एकदाच वाजवा. जवळ येऊ देऊ नका."

त्या गेल्या. तेवढ्यात ढग फाटला आणि ऊन आलं. मला हवं होतं तिथेच आलं, वर थेट माझ्या भिंगाच्या कडेवरही आलं. तिरपं ऊन भिंगात शिरलं की फोटोवर पांढरं धुकं येतं. त्यासाठी भिंगाला टोपीसारखं हूड लावतात. ते माझ्याकडे नव्हतं.

"दादाराव! फेटा काढा."

"काय?"

"फेटा हातात धरा आणि इथे माझ्याशेजारी उभे राहा. भिंगावर सावली पाडा. अजून वर. अजून. हं, हलू नका."

गुलाबी फेटा दोन्ही हातांत वर धरून, उघड्या डोक्यानं, चिखलाच्या धोतरात दादाराव माझ्या शेजारी उभे राहिले. सगळं गाव बघत होतं. त्यांनी हात खाली घेतला नाही.

"ताई, वाजवा."

डबा खळखळला. मान वर गेली, कान पुढे आले. मी श्वास धरून बटण दाबलं. काळोख.

"हलला का?" मी विचारलं.

"नाही," दादाराव म्हणाले.

रोल सरकवला. पुन्हा डबा, पुन्हा काळोख. पुन्हा. सूर्य गेला तेव्हाच मी थांबलो. दादारावांनी फेटा खाली घेतला आणि दंड चोळत म्हणाले, "निंगन का यातून काही?"

"बघू," मी म्हणालो. डिजिटल नव्हतं. कॅमेऱ्याच्या पाठीला फोटो दाखवणारा पडदा नव्हता. चिखलीला जाऊन रोल धुईपर्यंत बाई, दादाराव, वजीर आणि मी, चौघांनाही तेवढंच माहीत होतं.

वजीरला सरकी मिळाली. ती न देताच निघालो असतो तर फोटो काढणाऱ्यांवरचा त्याचा विश्वास उडाला असता. डब्यात उरलेली मूठभर बाईंनी माझ्या बॅगेच्या कप्प्यात ओतली. "असू द्या," म्हणाल्या. "कोठी लागन."

रोल धुतला. एक फोटो हवा तसा होता. पाठीची रेघ, चार पाय, मान, कान. वसंतरावांनी तो उजेडात धरला.

"हे काय? रिकामा बैल? पाठीमागे तळं टाकू का? रिटच करून डोळे जरा पाणीदार करतो."

"नको."

"कॅमेऱ्यानं काम चांगलं केलं," ते म्हणाले.

मी फोटो बाईंच्या अर्जाला लावून स्वतः बुलडाण्याला नेऊन दिला. पोस्टावर माझा विश्वास होता, पण दादारावांच्या वाट बघण्यावर नव्हता. नदी उतरल्यावर साहेब गावात आले. टेपनं वजीरला मोजलं, दात बघितले, हात फिरवला आणि म्हणाले, "फोटोपेक्षा बरा आहे." पशुसंवर्धन ऑफिसात ही स्तुती समजतात. वजीर वळू म्हणून पास झाला. दादारावांनी शब्द पाळला आणि औतासाठी दुसरा बैल बघायला बाजारात गेले. तिथे त्यांनी म्हणे सगळ्यात आधी दोरीसुद्धा काढायला लावली.

पुढे एकदा त्या गावी गेलो तेव्हा गोठ्याबाहेर दोन वासरं बांधली होती, लांब आणि पांढरी. सुभद्राबाई त्यांना सरकी चारत होत्या. त्यांनी मला ओळखलं, पण बोलल्या वासरांशीच. "पाहा रे, याच्याच्यानं तुमी आले."

बैठकीत मात्र वजीरचा तो फोटो नव्हता. तो सरकारजमा झाला होता. बैठकीत होता फ्लॅशचा, सोनेरी चौकटीत. फ्लॅशचा उजेड पडतो आणि संपतो, बैल त्यानंतर उडी मारतो. त्यामुळे फोटोत दादाराव ताठ उभे आहेत, फेटा जागेवर, हात शिंगावर, मुद्रा मंत्र्यासारखी. पाहुण्यांना तो फोटो दाखवताना ते म्हणत, "त्या दिवशी बैलाचा फोटो काढाले मानूस आला होता."

तर शेजारच्या मुलीला मी सांगितलं ते असं. बाई, नवा कॅमेरा घेतलास, छान. आता दुकानदाराची यादी बाजूला ठेव. कॅमेरा हलू न देणारं काहीतरी घे. स्टॅंड नसेल तर पोतं चालेल. भिंगावरचं ऊन अडवणारं काहीतरी घे. भिंगापुढे एक साधी काच लाव, जगात जिभा फार आहेत. मऊ कापड ठेव. आमच्या वेळी जास्तीचा रोल लागे, तसं तुझं जास्तीचं कार्ड आणि बॅटरी ठेव. फ्लॅश लोकांनी मागितला म्हणून लावू नकोस. आणि फोटो कशाचा काढायचा आहे ते झाकलेलं असेल, तर आधी ते उघडं करून घे. त्याला कुठल्याच दुकानात वस्तू मिळत नाही.

तिनं विचारलं, "आणि कॅमेऱ्याची काळजी?"

तेव्हा तिला पुढचं सांगितलं. सुभद्राबाईंनी बॅगेच्या कप्प्यात ओतलेली सरकी मी विसरून गेलो होतो. त्याच दसऱ्याला वसंतरावांनी पूजेसाठी माझाही कॅमेरा मागितला. मी बॅग काढली. सरकीच्या वासानं उंदीर आले होते. त्यांनी सरकी खाल्ली, कप्पा खाल्ला, चामडी पट्टा खाल्ला, लुगड्याचा तुकडा खाल्ला, फिल्टरची कापडी पिशवी खाल्ली. आत्म्याला त्यांनी तोंडही लावलं नव्हतं.